डिमरवरची गिटार

"धूर! अरं धूर! बंद कर की ते!"

मालक स्टेजच्या कडेला उभे राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होते आणि मी वाजवत होतो. ते ओरडतायत हे मला दिसत होतं. धूरही दिसत होता. पण आमच्या ऑर्केस्ट्रानं त्याच हंगामात धुराचं मशीन घेतलं होतं. प्रेमाचं गाणं आलं की पांढरा धूर सोडायचा आणि पायाशी धूर आला की वाजवणाऱ्यानं मान मागं टाकून आणखी रंगात यायचं, असा खुद्द मालकांचा हुकूम होता. मी रंगात आलो. धूर वाढला तसा जास्तच आलो. समोर साखर कारखान्याचे कामगार बायकापोरांसकट बसले होते, त्यातल्या कुणीतरी "आणखी सोडा!" म्हणून शिट्टी मारली. मग जळक्या वार्निशचा वास आला, पाठीला ऊब लागली आणि गिटारचा आवाज म्हातारं कुत्रं झोपेत कण्हतं तसा कण्हून बंद झाला. वळून बघतो तर धुराचं मशीन कोपऱ्यात थंडगार. धूर माझ्या अ‍ॅम्पमधून येत होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी पाण्याची बादली आणली. ती अ‍ॅम्पवर ओतू नये म्हणून मी मध्ये पडलो आणि सगळी माझ्यावर आली, त्यालाही टाळ्या पडल्या.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. ऑर्केस्ट्रा सांगलीचा, मी साताऱ्याचा. दिवसभर एका दुकानात उभा राहून पंखे, इस्त्र्या नि मिक्सर विकायचे आणि कार्यक्रम असला की एसटीनं सांगली गाठायची, असं माझं चाललं होतं. काउंटरमागं मला कुणी नावानंही ओळखत नसे. "ओ पंखेवाले" एवढीच हाक. स्टेजवर मात्र मी गिटारवाला. पाठीला गिटार लावून मी स्टँडवर उतरलो की रिक्षावाले दोन बोटं कपाळाला लावायचे. आता हे रिक्षावाले म्हणजे एकच रिक्षावाला, आणि तो बहुतेक घाम पुसायचा. पण माझ्या हिशेबात तो सलामच होता.

मालक जातीचे व्यापारी, जैन, हळदीचे. स्वभावानं मऊ, पण आवाज असा की सांगलीत सौदा पुकारला तर मिरजेत भाव हलावा. तालीम त्यांच्या हळदीच्या गोदामात. पोत्यांच्या थप्प्यांच्या मधल्या जागेत तासभर वाजवलं की सगळे पिवळे. ड्रम पिवळा, माइक पिवळा, गायिकेची पांढरी ओढणी घरी जाताना पिवळी. मी साताऱ्यात परतलो की शेजारीण माझ्या बायकोला विचारायची, "ह्यांना परत हळद लागली व्हय गं?" बायको म्हणायची, "लागंना. दुसरी आली तर धुणं तरी धुवील."

तर तो अ‍ॅम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. पाचगणीच्या कुठल्याशा शाळेतनं भंगारात निघालेला, मग वाईच्या भंगारवाल्याकडं, तिथनं माझ्याकडं. परदेशात पोरं शिकायला घेतात तसला, सगळ्यात स्वस्तातला. आकारानं तांदळाच्या डब्याएवढा. आत काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे. बटण दाबल्यावर ते गरम होईपर्यंत थांबायचं, मग त्यांच्यात निखाऱ्यासारखा उजेड यायचा आणि मग आवाज. तो आवाज कसा होता? गुऱ्हाळात काहिलीतला रस घट्ट होत आला की जाड बुडबुडा फुटतो ना, तसा. सूर निघताना गोल, आणि जोर दिला की कडेला जरासा फाटायचा, पण फाटताना गोड व्हायचा. माण तालुक्यात एका जत्रेला मी एक सूर लांबवला तर माळावरची मेंढरं वाघरीचं जाळं तोडून स्टेजपुढं येऊन बसली. धनगरानं मला शिव्या घातल्या. मेंढरांनी नाही.

कारखान्यावरच्या त्या कार्यक्रमानंतर रेडिओच्या मिस्त्रीनं अ‍ॅम्प उघडला, आत बघितलं आणि टोपी काढली. म्हणाला, "ह्याचा ट्रान्सफॉर्मर कोळसा झालाय. ह्याच्यात बसणारा आता मिळायचा न्हाई. दुसरा बशीवला तर ह्यो ह्यो ऱ्हाणार न्हाई."

मालकांनी मला पोत्यावर बसवलं. एरवी ते उभ्यानं बोलायचे.

"हे बघ, नवरात्रात शिराळ्याकडं देवीचा कार्यक्रम हाय. ती माणसं आपला तो जुना आवाज ऐकून सुपारी देऊन गेल्यात. त्या दिशी तो आवाज आला, तर तू हाईस. न्हाई आला तर..." आणि त्यांनी हनुवटीनं कीबोर्डकडं दाखवलं.

कीबोर्डवाला मिरजेचा. काडीसारखा, कमी बोलणारा, सदा चिवडा खाणारा. बोलण्यापेक्षा चावण्यावर त्याचा भर. मालकांची हनुवटी बघून त्यानं एक बटण दाबलं आणि एका बोटानं दोन सूर वाजवले. कीबोर्डातली गिटार. स्टीलच्या डब्यात माशी कोंडावी तशी. पण सुरात होती, वेळेत होती, जळणारी नव्हती आणि तिला साताऱ्याहून एसटीनं यावं लागत नव्हतं. मी त्याच्याकडं बघितलं. तो चिवडा खात होता. मला त्या चिवड्यात माझी जागा दिसली.

त्या दिवसापासून माझ्या अंगात जे शिरलं ते सांगायची सोय नाही. बसलो तर पाय हलायचा, उभा राहिलो तर बोटं हलायची. दुकानात गिऱ्हाइकाला पंखा दाखवताना मी रेग्युलेटर असा फिरवत बसायचो की पंख्याला चक्कर यायची. साताऱ्यातल्या जुन्या रेडिओवाल्यांकडं गेलो, कराडला गेलो, कोरेगावच्या एका बंद सिनेमा थिएटराच्या मालकाकडं जाऊन त्याच्या प्रोजेक्टरचा ट्रान्सफॉर्मर मागितला. तो म्हणाला, घेऊन जा, पण प्रोजेक्टरबी ने. मी नेलाही असता, कंडक्टरनं एसटीत घेतला नाही.

तेवढ्यात माझा एक दोस्त गावी आला. माणातला, त्याच्या गावातले निम्मे पुरुष मुंबईला, हा त्यांच्याही पुढं जाऊन बोटीवर लागलेला. त्यानं साताऱ्याच्या स्टँडवर पिशवीतनं एक यंत्र काढलं. जेवणाच्या डब्याएवढं, वर खुंट्या, पुढं आकडा दाखवणारी खिडकी.

"ह्यात काय हाय म्हाइताय का?" दोस्त म्हणाला. "जगातले सगळे अ‍ॅम्प हाइत. म्हंजे अ‍ॅम्प न्हाइत, त्यांचे आवाज. डिजिटल. आकडा फिरीव की दुसरा अ‍ॅम्प. तिकडं सिंगापूरला लोकांनी खरे अ‍ॅम्प फेकून द्यायला सुरवात केलीय. दिवाळीला मी परत बोटीवर जाणार, तवर वापर."

मी त्याला तिथंच मिठी मारली. स्टँडवरच्या लोकांना वाटलं हा परदेशी निघालाय.

घरी आलो आणि पुस्तिका वाचली. इंग्रजी माझं जेमतेम. पण यादीत सगळ्यात शेवटच्या आकड्याला माझ्या त्या स्वस्तातल्या अ‍ॅम्पचं नाव होतं, खुद्द त्याचं! मोठमोठ्या बापजाद्यांच्या रांगेत आमचं भंगारातलं पोरगं. मला गलबलून आलं. कानाला हेडफोन लावला, आकडा लावला, तार छेडली. आवाज आला. स्वच्छ, नेटका, अंघोळ करून भांग पाडून आल्यासारखा. नाक तेच, डोळे तेच, पण तो नव्हे. शाळेच्या फोटोतलं पोरगं, घरातलं नव्हे.

मग मी खुंट्यांच्या मागं लागलो. तीक्ष्ण सूर कमी कर, मधले वाढव, फाटणं थोडं, आणखी थोडं, फार झालं, मागं ये. सकाळी दुकानात जायच्या आधी, जेवायला आलो की जेवायच्या आधी, जेवताना. बायको सरळ समोर येऊन बसली.

"आवं, कानात तुमी काय ऐकताय ते तुमचं तुमाला. आमाला भाईर नुसतं टिक टिक टिक टिक ऐकू येतंय. पाल चुकचुकल्यावानी. घरात पावणं येऊन बसल्यात."

"आवाज शोधतोय."

"मग सापडला का सांगा, म्हंजे मी गॅस पेटवते. तुमी त्याचंबी बटण फिरवून ठेवलंय."

खरंच ठेवलं होतं. हात थांबतच नव्हते. नळाची तोटी, शेजाऱ्याच्या रेडिओचं बटण, डॉक्टरच्या दाराची मूठ, दिसेल ते मी फिरवत होतो. सासरे आले, त्यांनी नमस्कारासाठी पाय पुढं केला तर मी त्यांचा अंगठा पिळला म्हणतात. मला आठवत नाही, पण मी तो पिळला असणार.

रविवारी यंत्र मांडीवर घेऊन सांगलीला गेलो. कराडला एसटी अर्धा तास थांबली, मी तिच्याभोवती प्रदक्षिणा घातल्या. गोदामात यंत्र आवाजाच्या मिक्सरला जोडलं. मालक पोत्यावर डोळे मिटून बसले. मी वाजवलं.

"चांगलाय," मालक म्हणाले.

"मग?"

"पर आपला न्हाई."

"मालक, नाव बघा की ह्याचं. तोच अ‍ॅम्प हाय ह्यो. कंपनीनं मोजून घातलाय."

"कंपनी माझ्या गोदामात कवा आलती?"

मी फाटणं वाढवलं. "न्हाई." कमी केलं. "न्हाई." मी वैतागून सगळ्या खुंट्या मधोमध आणल्या. "ह्यो तर लांबचा पावणाबी न्हाई." कीबोर्डवाला चिवडा खात होता. त्याच्या चावण्याचा आवाज मला मिक्सरमधून आल्यासारखा मोठा ऐकू यायला लागला.

पुढचे रविवारही असेच गेले. नवरात्र जवळ आलं. आणि एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, गोदामात मी भिंतीला टेकून बसलो होतो. तेव्हा टेकून बसणंसुद्धा मला मोठं काम होतं. आजूबाजूच्या शेतात मोटारी सुरू झाल्या असणार, कारण नेहमीप्रमाणं विजेचा दाब पडला. पंखा सुस्तावला. ट्यूब दोनदा फडफडून गेली. डोक्यावरचा बल्ब पिकल्या लिंबासारखा पिवळा झाला आणि पिवळं गोदाम आणखी पिवळं झालं. मी पंखे विकणारा माणूस. मला झटकन कळलं. तालीम कधी? संध्याकाळी. कार्यक्रम कुठं? खेड्यात, जिथं संध्याकाळी वीज अशीच निम्मी येते. म्हणजे आमचा अ‍ॅम्प जन्मात कधी पोटभर विजेवर वाजलाच नव्हता! अर्धपोटी राहूनच तो गोड गात होता. आणि मेला कुठं? साखर कारखान्यावर. कारखान्याची वीज स्वतःची, भरगच्च, एकसारखी. पहिल्यांदा पोटभर मिळालं आणि त्याला ते बाधलं.

मी ओरडत उठलो. गायिका घाबरून पोत्यांच्या मागं गेली.

"मालक! यंत्राला वीज जास्त होतीय! उपाशी ठेवायला पायजे!"

आता वीज कमी कशानं करायची? ऑर्केस्ट्राकडं स्टेजवरच्या दिव्यांचा डिमर होताच, दिवे मंद करायची ती पेटी. मी यंत्राची वायर त्या डिमरवर बसवली, शेजारी एक बल्ब लावला आणि मूठ हळूहळू खाली आणली. बल्ब पांढऱ्याचा पिवळा झाला. पिवळ्याचा तांबूस. मी तोच जुना सूर लांबवला.

मालकांनी डोळे मिटले नव्हते. ते बल्बकडं बघत होते. त्यांचा चेहरा त्या उजेडात मऊ झाला.

"आला," ते म्हणाले. "अरं, आला की रं!"

आणि मलाही आला. शपथेवर सांगतो, आला. ड्रमवाल्याला आला, गायिकेला आला, गोदामाच्या वॉचमनला बाहेर उभ्यानं आला. ही डिजिटल यंत्रं कमी विजेवर वेगळी वाजत नाहीत, ती एक तर वाजतात नाही तर बंद पडतात, हे मला पुढं कधीतरी कळलं. त्या संध्याकाळी कुणी सांगितलं असतं तरी मी त्याला हळदीच्या पोत्यात घातलं असतं. फक्त कीबोर्डवाल्यानं एकदा यंत्राकडं, एकदा बल्बकडं बघितलं आणि पुडीतला शेवटचा शेंगदाणा उचलला.

देवीच्या गावात पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. कार्यक्रम दिवेलागणीलाच सुरू करायचा होता, कारण पुढं भजनी मंडळाची बारी होती. मी यंत्र दिव्यांच्या त्या एकाच डिमरवर बसवलं, डिमरची मूठ बरोबर खुणेवर आणली आणि खुणेवर हळदीचं बोट ओढलं. मालकांनी विंगेतून बघितलं, मान हलवली. गर्दी एवढी की झाडावर माणसं, माणसांवर पोरं आणि पोरांच्या डोक्यावर चिमण्या. पहिली गाणी झकास गेली. पुढच्या रांगेतले एक पगडीवाले बाबा मला "वाजीव वाघा!" म्हणाले. माझे पाय त्या दिवशी पहिल्यांदा थांबले.

मग आलं ते विरहाचं गाणं. सुरुवात गिटारची, शेवट गिटारचा, मधला लांबलचक तुकडा गिटारचा. त्याच गाण्यासाठी तर त्यांनी सुपारी दिली होती. गायिकेनं पहिलं कडवं उचललं, स्टेजवर शांतता पसरली, मी मधल्या तुकड्यासाठी पुढं सरकलो. आणि विरहाच्या गाण्याला स्टेजवरचे दिवे मंद करायचे, ही त्याची वर्षानुवर्षांची कामगिरी असल्यामुळं आमच्या लाइटवाल्यानं, अगदी मन लावून, डिमरची मूठ खाली खेचली.

दिवे मंद झाले. माझ्या यंत्राच्या खिडकीतला आकडा लुकलुकला आणि विझला.

मी तार छेडली. टिक. पुन्हा छेडली. टिक. घरी बायकोला ऐकू यायची तीच पाल. समोर हजार डोळे, विंगेत मालक, मागं माझी जागा. आता काय करायचं? मी डोळे मिटले, मान मागं टाकली आणि बोटं पळवत राहिलो, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

आणि गिटार वाजायला लागली.

मोठी, भरलेली, एकेक सूर मोजून. क्षणभर मला वाटलं, मी आता अशा पायरीला पोचलोय की विजेची गरज राहिली नाही. मग वाटलं, नवरात्र आहे, देवीच वाजवतेय. मग वाटलं, देवी असती तर माझ्यासारखीच मधल्या सुराला घाई केली असती. हे फार वेळेत चाललंय. मी एक डोळा उघडून बघितलं. अंधारात कीबोर्डवाला एका हातानं सूर धरून होता आणि दुसऱ्या हातानं, चेहऱ्यावरची रेष न हलवता, माझा तुकडा वाजवत होता. बटणावरची माशी. पण त्या तांबूस उजेडात, देवळाच्या घंटांच्या आवाजात, ती माशी वाटत नव्हती. मी बोटं तिच्याबरोबर पळवली. तो जिथं थांबला तिथं मी थांबलो, तो जिथं लांबवत गेला तिथं मी कमरेत वाकलो. पगडीवाले बाबा डोळे पुसत होते.

गाणं संपता संपता लाइटवाल्यानं मूठ वर नेली. यंत्र परत जिवंत झालं, पण जिवंत झालं की ते पहिल्या आकड्यावर जातं, आणि पहिला आकडा म्हणजे परदेशातली दाढीवाली पोरं वाजवतात तो गुरगुरणारा. माझा अंगठा तारेला लागला आणि अशी डरकाळी फुटली की चिमण्या उडाल्या. लोकांना वाटलं हा शेवट. टाळ्यांनी झाड हललं. झाडावरची माणसं त्यामुळं पडली असं म्हणतात, मी मोजली नाहीत.

भजनी मंडळ टाळ घेऊन वर येत होतं, आम्ही वायरी गुंडाळत होतो. मालक विंगेतून सरळ माझ्याकडं आले. डोळे ओले. माझे दोन्ही खांदे धरले.

"आज आला बघ. त्या विरहाच्या गाण्यात. तसाच्या तसा, आपल्या गोदामातला. मला तर वाटलं जुना अ‍ॅम्पच उठून बसला. आता तू कुटं जायचं न्हाईस, कळलं का?"

मी मान डोलावली. मालक देवीच्या पाया पडायला गेले.

कीबोर्डवाला पेटीच्या कड्या लावत होता. मी त्याच्याजवळ गेलो, लांब गेलो, परत जवळ आलो. शेवटी उकिडवा बसलो.

"गड्या," मी म्हणालो, "त्ये... मगाशी... तू मालकास्नी सांगणार हाईस का?"

त्यानं दुसरी कडी लावली, खिशातनं चिवड्याची पुडी काढली, माझ्यापुढं धरली.

"सांगितलं तर रोज मलाच वाजवाय लागंल," तो म्हणाला.